पाव्हण्यांचं मशीन

सरांबरोबर कुठं बाहेर जायचं ठरलं की मी आधी अंदाज घ्यायचे, वाटेत आपल्या ओळखीचं कोणी भेटणार तर नाही ना. बारामती काही एवढी मोठी नाही. काटेवाडीहून स्कूटीवर येणाऱ्या माझ्यासारखीला स्टँडपासून एमआयडीसीपर्यंत एखादी मावशी, नाहीतर वर्गमैत्रिणीची सासू भेटतेच. आणि सर बरोबर असले की काहीतरी घडायचंच. रसवंतीच्या चरकाचा कर्रकर्र आवाज आला म्हणून ते चरक थांबवायला लावायचे, मालकाला बाजूला सारून खाली वाकायचे आणि विचारायचे, "ह्याला वंगण कवा घातलंतं?" मागं गिऱ्हाइकं ताटकळलेली. मी ओढणी सारखी करत रस्त्याच्या पलीकडे बघत उभी. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले तरी पहिल्यांदा कान गरम होतात, मग हसू येतं, आणि थोड्या वेळानं तेही राहत नाही.

आमची कंपनी म्हणजे एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड; सर तिथले मुख्य प्रोग्रामर, मी त्यांच्या हाताखाली. गावोगावच्या डेअऱ्यांत दूध गार ठेवायच्या मोठ्या टाक्या असतात, त्या चालू-बंद करणारं पॅनल आम्ही बनवायचो. पॅनलच्या आत सी भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम असतो. तो मुळात आमचा नव्हताच. परदेशातल्या एका माणसानं तो लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवला होता; कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. तो माणूस थकला तेव्हा त्यानं तो सांभाळायला सरांच्या हाती दिला. त्यामुळे कुठल्या कुठल्या देशांतले लोक काही अडलं की सरांना ईमेल करायचे, आणि सर आमच्या शेडमध्ये, खुर्चीवर टाकलेल्या घोंगडीवर मांडी घालून त्यांना उत्तरं द्यायचे. घोंगडी वैशाखातही तिथंच. सरांच्या घरची मेंढरं त्यांच्या जन्माआधीच विकली गेली होती, पण घोंगडी सुटली नव्हती. तिच्या शेजारी बसून मला दिवसभर खाज सुटायची.

सरांचा खरा छंद वेगळाच होता. प्रोग्राम लिहितात माणसाला कळेल असा; कंपायलर तो मशीनला कळेल असा करून देतो. धडधडीत चूक असली तर तो काम थांबवतो. नुसती शंका आली तर काम करून देतो, पण जाता जाता पडद्यावर एक वॉर्निंग टाकतो, की बाबा, एवढं जरा बघ. बहुतेक प्रोग्रामर त्या वॉर्निंगा बघून न बघितल्यासारखं करतात. मीही कॉलेजात तेच शिकले होते. सरांना मात्र वॉर्निंग दिसली की लाज वाटायची. पाहुणे दारात यावेत आणि अंगण शेणानं भरलेलं असावं, तशी. पडद्यावर एक जरी पिवळी ओळ शिल्लक असली तरी ते डबा उघडायचे नाहीत.

एकदा बाहेरगावचे गिऱ्हाईक पॅनल बघायला आले होते. दुपार कलली होती, डबा तसाच टेबलावर, सरांचं पित्त चढलेलं, आणि सर पडद्याकडे बोट करून ओरडत होते, "ह्यो बग अजून एक! निलाजरा हाय नुसता." गिऱ्हाइकाला वाटलं, आपल्यालाच म्हणतायत. मी मध्ये पडून समजूत घालायला गेले, पण चांगला शिकलेला माणूस उपाशीपोटी एका ओळीला शिव्या का देतोय, हे कोणाला कसं समजावून सांगायचं? ते लोक पाणीसुद्धा न पिता निघून गेले.

"सर, चालतो ना प्रोग्राम? मग राहू द्या की दोन वॉर्निंगा," मी एकदा म्हटलं होतं.

"फालतू शंभर असल्या की त्यात एक खरी असती ती बुडून जाती," ते म्हणाले. "म्हणून समद्या काढायच्या. रान सोच्छ पायजे. मंजी साप निघाला तर दिसतो."

या कामाला ते खुरपणी म्हणायचे. आपल्या प्रोग्रामची खुरपणी झाली की दुसऱ्यांच्या रानात शिरायचे. खुल्या प्रोग्रामांना कुंपण नसतं. कोणाचा चित्र बघायचा प्रोग्राम, कोणाचा घड्याळ लावायचा, नव्या कंपायलरवर उभाच राहीना झालेला कोणाचा तरी जुना खेळ. सर तो उतरवून घ्यायचे, बसवायचे, वॉर्निंगा काढायचे आणि मालकाला पाठवून द्यायचे. फुकट. "आमच्याकडं इर्जिक असायची," ते सांगायचे. "एकाच्या रानात समद्यांनी बैलं घेऊन जायाचं. आज त्याचं, उद्या माझं. ही बी इर्जिकच." पण इर्जिकीला बोलावणं असतं, आणि सर बोलावल्याशिवाय जायचे. काही मालक आभार मानायचे, बरेचसे उत्तरच द्यायचे नाहीत. एकानं चिडून लिहिलं होतं, की ज्या कोडचा हेतू समजत नाही त्याला कृपया हात लावू नये. त्या संध्याकाळी जाताना सर मला म्हणाले, "घाण काढाय हेतू कशाला समजाय लागतो गं?"

वडगाव निंबाळकरला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. ऑफिसातल्या सगळ्यांना पत्रिका दिल्या, सरांना वगळता येईना. मंगलाष्टकं सुरू झाली आणि लाउडस्पीकर घुमायला लागला. घूंऽऽ असा बारीक आवाज, लग्नात असतो तसा. कोणाचं लक्षही नव्हतं. मी सरांच्या तोंडाकडे बघितलं. पुढच्याच क्षणी ते मांडवाच्या कोपऱ्यात, लाउडस्पीकरवाल्याच्या पेटीपाशी. त्यांनी एक वायर काढली. घुमायचं थांबलं, आणि भटजींचा आवाजही थांबला. ते तिकडे ओठ हलवतायत, इकडे लोक मुठीत अक्षता धरून एकमेकांकडे बघतायत. निम्म्यांनी टाकल्या, निम्म्यांनी नाही. लाउडस्पीकरवाला धावून आला तर सर त्यालाच म्हणतात, "घुमायचं गेलं का न्हाय?"

"अवं, आवाजच गेला की!"

"ते दुसरं. घुमणं गेलं का न्हाय ते सांग."

चुलत्यांनी मला विचारलं, हे कोण गं? मी म्हटलं, असतील नवरीकडचे.

माणसं मात्र सरांच्या खुरपणीत बसत नव्हती. "कंपायलर थापा मारत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "माणूस बोलाय लागला की फापट लई. कामाचं एक, बिनकामाचं धा." त्यामुळे एका पिवळ्या ओळीपुढं अर्धा दिवस बसणारे सर माणसाला अर्ध्या मिनिटात वाटेला लावायचे. आणि त्यात सगळ्यात जास्त वाटेला लागायची ती सिंधू.

इंदापूर तालुक्यात, कळसच्या अलीकडे एका वस्तीवर बायकांची डेअरी होती. सरांच्या बायकोचं माहेर तिथलंच. तिथल्या टाकीचं पॅनल सरांनी स्वतः जाऊन बसवलेलं, म्हणून वस्तीवर त्याला पाव्हण्यांचं मशीन म्हणायचे; जावई हा तिकडं सगळ्या गावाचाच पाव्हणा. सिंधू ती टाकी सांभाळायची. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, टाकी धुवायची, पॅनलवर लक्ष ठेवायचं. तिशीतली बाई, आवाज ठसठशीत, आणि फोन करायला तिला कारण लागायचं नाही.

"सर, प्यानलात पाल शिरलीया. करंट बसंल का वो तिला?"

"न्हाय बसत."

"सर, मशीन कण्हतंय. काल धरनं. माझी सासू म्हणती उनाचं आसंल."

"बरं."

"सर, दसऱ्याला हार घातला तर चालंल का? का फुलाचं पाणी आत जाईल?"

"चालंल," म्हणून सर फोन ठेवून द्यायचे. फोन नेहमी स्पीकरवर असायचा, त्यामुळे सिंधूचं सगळं आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं. कोणाला तहान लागली तरी ऑफिसात 'सर, मशीन कण्हतंय' म्हणायची पद्धत पडली होती.

मग नवा कंपायलर आला आणि आमचा प्रोग्राम त्यावर बांधला जाईना. जगभरातून तक्रारी आल्या. सर खुरपं घेऊन बसले. आधी तो कसाबसा उभा राहिला, पण वॉर्निंगांनी पडदा पिवळाजर्द. रोज थोड्या थोड्या काढायच्या. डबे न उघडता घरी जायला लागले, सरांची बायको, आमच्या काकू, मला फोन करून विचारायच्या, "आज तरी जेवले का गं ते?" शेवटी एका दुपारी एकच वॉर्निंग उरली. प्रोग्राममध्ये एका ठिकाणी चिपचा एक खण, म्हणजे चिप आपली नोंद ठेवते ती जागा, वाचला होता आणि वाचलेलं एका व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं. पुढं ते कुठंच वापरलेलं नव्हतं. कंपायलरचं म्हणणं एवढंच, की ठेवलंय कशाला?

"वाचतोय आन् टाकून देतोय," सर म्हणाले. "बिनकामाचं." आणि त्यांनी ती ओळ काढून टाकली.

पॅनलच्या आत चिप बसवलेला बोर्ड असतो, तसा एक तपासणीसाठी टेबलावर होता; त्यावर प्रोग्राम चढवून बघितला, सगळं ठीक चाललं. पडद्यावर एकही पिवळी ओळ नव्हती. सरांनी वेळेवर डबा उघडला, अर्धी भाकरी आणि ठेचा मला दिला. इतका खूश झालेला माणूस मी त्या शेडमध्ये पुन्हा बघितला नाही. आमचा सर्व्हिसचा माणूस गावोगावच्या पॅनलांत तो नवा प्रोग्राम भरून आला.

त्यानंतर सिंधूचा फोन आला. "सर, लाइट नुसती लुकलुकली आन् लाल दिवा लागलाय. बटण दाबलं तरी जाईना. मशीन बी चालू व्हईना."

लाल दिवा म्हणजे पॅनलनं विजेत बिघाड पाहिला आणि टाकीचं मशीन थांबवलं. वीज नीट झाली की बटण दाबायचं, दिवा विझतो, मशीन पुन्हा सुरू होतं.

"नीट दाबा," सर म्हणाले. नजर पडद्यावर. "दाबून धरा." आणि फोन ठेवला.

थोड्या वेळानं तिचाच पुन्हा फोन. वस्तीवरची वीज पुरती गेली होती, बराच वेळ गेली, आणि परत आल्यावर दिवा आपोआप विझलेला होता. "पर आदी जात नव्हता, सर. मी लई दाबलं."

"झालं नव्हं चालू? मग झालं तर." तिचं वाक्य अर्धवटच राहिलं. कोणीतरी खुदकन हसलं, मीही असेन.

काही दिवसांनी काकू ऑफिसात फोन करून रडवेल्या आवाजात सांगायला लागल्या, की माहेरच्या डेअरीचं टाकीभर दूध नासलं. सकाळी टँकरवाल्यानं झाकण उघडून वास घेतला आणि नळी लावलीच नाही. सगळं रस्त्याकडेच्या चरीत ओतावं लागलं. टाकी रात्रभर बंद होती म्हणे. सरांनी ताबडतोब दुसरं पॅनल पाठवलं आणि तिथला बोर्ड मागवून घेतला. आमच्या टेबलावरच्या बोर्डापेक्षा तो जुना होता, त्याची चिप वेगळी. त्या जुन्या चिपेत एक खोच होती. तो ठरावीक खण नुसता वाचला की बिघाडाची खूण पुसली जायची. वाचलेलं वापरायचं नव्हतंच, वाचणं हेच काम होतं. ती ओळ गेली आणि खूण पुसायचं राहिलं. वीज बराच वेळ पुरती गेली तरच ती आपली आपण जायची; नुसती लुकलुकली तर बटण दाबून बोट मोडलं तरी दिवा जाणार नव्हता.

सरांनी बोर्ड टेबलावर ठेवला. "मीच उपटली," एवढंच म्हणाले. मग त्यांनी ओळ परत घातली, ती का आहे ते वर लिहिलं, आणि जगभरच्या मंडळींना एक लांबलचक पत्र लिहिलं. चूक माझी, मी न समजता हात लावला, माफ करा. या लोकांत एक चांगली रीत आहे. बिघाड पहिल्यांदा ज्यानं दाखवला, त्याचं नाव दुरुस्तीखाली लिहितात. सरांनी तिथं सिंधूचं नाव लिहिलं, गावासकट. पत्र गेल्यावर त्यांचा चेहरा खुलला. डबाही खाल्ला. चूक इतक्या सहज कबूल करणारा माणूस बघून मला त्या दिवशी त्यांचा अभिमानच वाटला होता.

सिंधूला सांगावं म्हणून त्यांनी डेअरीत फोन लावला, तर दुसऱ्याच बाईनं उचलला. "सिंधू न्हाय आता हितं. काढली तिला. झोपली आन् समद्यांचं दूध घालवलं तिनं."

रविवारी सर निघाले. काकूंना बरं नव्हतं, म्हणून मला बरोबर नेलं. बिघडलेला बोर्ड त्यांनी रुमालात गुंडाळून पिशवीत घेतला होता. वाटेत मी म्हटलं, "सर, व्होल्टेजही खराब असतं तिकडं, तसंही सांगता येईल." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढं मी खिडकीबाहेरचा ऊसच बघत राहिले.

सिंधू दारात कडबा तोडत होती. सरांनी नमस्कार केला आणि लगेच मोबाइल पुढं धरला. "ह्ये बगा. तुमचं नाव. जगात जितं जितं ह्यो प्रोग्राम हाय तितं तितं दिसणार."

तिनं पदराला हात पुसले, इंग्रजी अक्षरांकडे बघितलं. "काय लिवलंय?"

"की चूक माझी व्हती. आन् ती पयल्यांदा तुमी सांगितली."

"जगातल्या कुणी मला झोपाळू म्हटलं न्हाय, सर," सिंधू म्हणाली. "हितल्यांनी म्हटलंय. चारचौघीत काम काढून घेतलं. सासू दोन घास वाढताना बी बोलून दाखवती. हितं सांगा."

सरांचा मोबाइल धरलेला हात खाली आला. ते पत्र लिहिताना त्यांना इतकं सोपं का गेलं होतं, ते मला तेव्हा कळलं. तिकडे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. इथं सासुरवाडी होती.

"सांगतो," ते म्हणाले. "गोळा करा समद्यास्नी."

जावई आला म्हटल्यावर गोळा करायला वेळ लागला नाही. डेअरीपुढच्या पत्र्याखाली सतरंज्या पडल्या. सकाळचा टँकर जाऊन टाकी धुऊन रिकामी झाली होती. आक्का आल्या. या सरांच्या चुलत सासूबाई, डेअरीच्या अध्यक्ष, वस्तीवर त्यांचा शब्द चालायचा. सर तोंड उघडायच्या आत त्यांनी सरांना खुर्चीवर बसवलं, डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. मलाही एक नारळ मिळाला. सिंधू सगळ्यात मागं, खांबाला टेकून उभी.

"आक्का, ती चूक माझी हाय," सर उठत म्हणाले. "सिंधूताईंची न्हाय."

"अवं बसा की पाव्हणं. आदी च्या घ्या."

"च्या नको. मी प्रोग्राममधनं एक वळ काढली, म्हणून दिवा गेला न्हाय. त्यांनी मला फोन केलाता, मी ऐकलं न्हाय."

बायकांत कुजबुज झाली. एकजण कौतुकानं म्हणाली, "मन केवढं हाय बगा. दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेत्यात." आणि टाळ्या वाजल्या. खरोखरच्या टाळ्या. आक्का हात जोडून म्हणाल्या, "पाव्हणं, जावयानं आमच्यापुढं वाकायचं आसतंय व्हय? आमच्या लेकीचं नाव जाईल. मशीन तुमचं हाय, त्ये चुकंल कसं? सिंधूला काय बोलायचं त्ये आमी बोललोय. तुमी नका मनाला लावून घेऊ."

सर पुन्हा पुन्हा सांगत होते आणि बायका पुन्हा पुन्हा त्यांना मोठं करत होत्या. टोपी कपाळावर घसरलेली, हातात नारळ. मी मान खाली घालून चहाच्या कपातली साय बोटानं बाजूला करत बसले. इतकं दाट दूध बारामतीत आमच्या चहात कधी नसतं. ज्यांचं दूध आम्ही चरीत घालवलं, त्यांच्याच दुधाचा चहा होता तो. मी कप खाली ठेवला. हे असंच होणार, असं धरूनच सिंधू मागं उभी असावी.

शेवटी सरांनी नारळ खुर्चीवर ठेवला, पिशवीतून रुमाल काढला आणि सरळ पॅनलकडे गेले. झाकण उघडून चांगला बोर्ड काढला, बिघडलेला बसवला. बायका उठून दाराशी गोळा झाल्या. सरांनी मेन स्विच खाली केला आणि लगेच वर. लाल दिवा लागला.

"सिंधूताई, या. दाबा बटण."

"मी न्हाय," सिंधू मागनंच म्हणाली. "मला जमत न्हाय म्हणत्यात. तुमी दाबा."

सरांनी बटण दाबलं. दिवा तसाच. पुन्हा दाबलं. आक्का म्हणाल्या, "दाबून धरा की, पाव्हणं." त्यांनी दाबून धरलं, अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत. मग दुसरा अंगठा लावला. मग टोपी काढून बाजूला ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. त्यांच्या पाठीवरचा घामाचा डाग मोठा होत गेला. एका बाईनं हळूच म्हटलं, "आगं बया, खरंच जाईना की." दिवा जाणार नाही हे सरांना माहीत होतं, तरी ते दाबत होते, आणि ते थांबेनात म्हणून मला रडू यायला लागलं.

आक्कांनी कमरेला लावलेली टाकीची चावी सोडली, गर्दीतून वाट काढत सिंधूकडे गेल्या आणि पुढं धरली. "घे बाई. उद्यापास्नं ये."

सिंधूनं हात पुढं केला नाही. "चावी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "दूध वतलं तवापास्नं काय झालं त्ये समद्यांनी मलाच सांगितलं. झोपलीस. इसरलीस. फोनवर बोलत बसलीस. काय झालं गं सिंधू, आसं एकीनं इचारलं न्हाय. आन् ह्ये सर. दारात आले त्ये बी मोबाइल दाखवत. त्यांनी तरी कुठं इचारलं?"

आक्कांनी चावी पायरीवर ठेवली. सर पॅनलपासून आले आणि सिंधूपुढं जमिनीवर बसले. "अवं पाव्हणं, खाली नगं," म्हणत कोणीतरी खुर्ची सरकवली. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"काय झालं त्या दिशी?" त्यांनी विचारलं.

सिंधूनं सांगायला सुरुवात केली. तिच्या पद्धतीनं, अगदी लांबून. म्हैस त्या दिवशी अंग टाकून कशी बसली होती, म्हणून ती डेअरीत कशी उशिरा आली, दिवस मावळायला लाइट कशी लुकलुकली. बटण दाबून अंगठ्याला फोड आला, तो तिनं दाखवला; अजून पुरता बसला नव्हता. आमच्या ऑफिसला फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. आक्कांचं दार वाजवलं, तर आतून उत्तर आलं, पाव्हण्यांचं मशीन हाय, नीट दाब. मग तिनं गोणपाटं भिजवून टाकीवर टाकली, सुकली की पुन्हा भिजवली, शेजारची पोरं उठतील म्हणून हापसा हळू हापसला. उजाडेपर्यंत. मध्येच तिला सासूचं आठवायचं, मध्येच त्या पालीचं, मग ती परत मूळ जागी यायची. तिला कोणी थांबवलं नाही. सर दोन्ही हात गुडघ्यांभोवती घेऊन ऐकत होते आणि एकदाही 'बरं' म्हणाले नाहीत.

तिचं संपलं तेव्हा संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती. सरांनी उठून चांगला बोर्ड पॅनलमध्ये परत बसवला. बायका घरी गेल्या आणि किटल्या घेऊन परत आल्या. सिंधूनं पायरीवरची चावी स्वतःच उचलली, टाकीच्या झाकणाचं कुलूप काढलं आणि पहिली किटली घ्यायला हात पुढं केला. किटली तिची सासूच घेऊन आली होती. तिनं ती सुनेच्या हातात दिली, आणि देताना तोंड दुसरीकडे फिरवलं. मागं उभ्या असलेल्या आम्हा कोणालाच सिंधूच्या नजरेला नजर देता आली नाही.